क्रीडाशिक्षक किंवा कोच व्हायचंय? बी.पी.एड.च्या आधी, दरम्यान आणि नंतर काय करायचं

बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षक-पदवीच्या, पहिल्या सराव पाठाला राज्य पातळीवर खेळलेला मुलगाही गडबडतो. समोर आठवीचा वर्ग, साठ पोरं, हातात चार बॉल आणि पस्तीस मिनिटं. तो स्वतः उत्तम ड्रिबल करतो. पण पहिली दहा मिनिटं रांगा लावण्यात जातात, पुढची दहा त्याच्या प्रात्यक्षिकात, आणि घंटा होते तेव्हा निम्म्या मुलांचा बॉलला हातही लागलेला नसतो. शारीरिक शिक्षणाचं विद्यापीठीय प्रशिक्षण या अडचणीवरचा इलाज आहे. खेळ तुम्ही येतानाच घेऊन आलेले असता. इथे शिकायचं ते दुसऱ्याला खेळायला लावणं. हे लक्षात ठेवून दोन वर्षं काढली तर पदवी कामाला येते, नाहीतर ती फाइलमधला कागद होऊन बसते.

आधी ठरवा: शिक्षक की कोच

दोन्ही वाटा एकाच मैदानावरून जातात, म्हणून लोक त्या एकच समजतात. शिक्षकाला सगळी मुलं घ्यावी लागतात. धावायला लाजणारा, दम्याचा पंप खिशात ठेवणारा, खेळाचा तास म्हणजे गणिताच्या गृहपाठाची सोय मानणारा, सगळेच त्याचे. कोचकडे मुळात खेळायला आलेलीच मुलं येतात आणि त्यांना निकाल हवा असतो.

शाळेत शिक्षक व्हायचं तर माध्यमिक स्तरासाठी पदवीनंतरचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा बी.पी.एड. हा सरळ मार्ग. बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.पी.एड. प्राथमिक स्तरासाठी. बी.पी.ई.एस. ही बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी चांगली आहे, पण तिच्यावर थांबून शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायला गेलात तर अडकाल, पुढे बी.पी.एड. करावंच लागतं. कोच व्हायचं असेल तर बी.पी.एड. हा पाया आहे, परवाना नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

पात्रता आणि प्रमाणपत्रांची फाइल

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एन.सी.टी.ई.च्या २०१४च्या नियमांत बी.पी.एड.ची पात्रता खेळ आणि टक्के यांच्या जोडीवर बसवलेली आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीला ५० टक्के असतील तर शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला नुसता सहभागही पुरतो. ४५ टक्के असतील तर पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय हवा, किंवा राज्य, आंतरविद्यापीठ, राष्ट्रीय पातळीवरचा सहभाग हवा, किंवा खालच्या पातळीवर पहिल्या तिनांत नंबर हवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्याला आणि राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनांत आलेल्याला टक्क्यांची अट लागत नाही. आरक्षणाच्या सवलती वेगळ्या. त्या वर्षीची सी.ई.टी.ची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, माहिती पुस्तिका हाच अंतिम शब्द. ती शेवटच्या पानापर्यंत वाचा.

गाडी अडते ती प्रमाणपत्रांवर. गल्लीतल्या चषकाचं, मंडळाच्या मॅरेथॉनचं, अमुक फाउंडेशनच्या 'नॅशनल'चं चकचकीत प्रमाणपत्र इथे चालत नाही. शालेय स्पर्धा क्रीडा कार्यालयाच्या हव्यात, विद्यापीठाच्या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या चौकटीतल्या हव्यात, खुल्या स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेच्या हव्यात. प्रमाणपत्रावरचं नाव मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, जन्मतारीख तीच आहे का, सहीखाली शिक्का आहे का, हे आजच तपासा. शाळेतले सर निवृत्त झाले की दुरुस्ती करून मिळायला महिने जातात. हीच फाइल पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी लागते आणि तिथे क्रीडा विभागाकडून पडताळणी होते, तेव्हा झेरॉक्सवर भागत नाही.

सी.ई.टी. आणि मैदानी चाचणी

महाराष्ट्रात राज्य सी.ई.टी. कक्षाची परीक्षा असते आणि तिच्या जोडीला मैदानावरची प्रत्यक्ष चाचणी. लेखीला सामान्य ज्ञान, खेळांची माहिती, थोडी बुद्धिमत्ता असं सगळं येतं. त्याची भीती नको. मैदानी चाचणीला मात्र लोक खेळाडू असल्याच्या भरवशावर जातात आणि तंत्रात गुण घालवतात.

कोणत्या बाबी आहेत ते पुस्तिकेत पाहा. अशा चाचण्यांत वारंवार येणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. जागेवरून लांब उडीत माप उडीच्या रेषेपासून सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत घेतात. उडी २ मीटर ४० सेंटीमीटर मारली आणि तोल जाऊन मागे हात टेकला, तर तो हात जिथे टेकला तिथपर्यंतच मोजणार. म्हणून उतरताना गुडघे वाकवून हात पुढे फेकायचे, टाचा टेकल्या की वजन पुढे घ्यायचं. शटल रनमध्ये, म्हणजे दोन रेषांमध्ये धावत ठोकळे उचलून आणण्याच्या चाचणीत, वेग कमी पडतो म्हणून वेळ जात नाही, वळणावर जाते. रेषेच्या दोन पावलं आधीच कंबर खाली आणा, शेवटचं पाऊल आडवं टाका, ठोकळा उचलताना पाठीऐवजी गुडघे वाकवा. एवढ्यावर वेळ दिसण्याइतकी सुधारते.

तयारीला आठ-दहा आठवडे पुरेत. आठवड्यात दोन दिवस वेग, दोन दिवस ताकद आणि उड्या, एक दिवस ६०० ते ८०० मीटरचं धावणं, दर पंधरवड्याला एकदा सगळ्या चाचण्या सलग, घड्याळ लावून. शेवटच्या आठवड्यात नवीन काही करू नका. नवे बूट तर मुळीच नकोत.

कॉलेज निवडताना

आधी एन.सी.टी.ई.ची मान्यता तपासा. नंतर कॉलेजात जा, पण ऑफिसात नको. सकाळी साडेसहाला मैदानावर जाऊन उभे राहा. वर्ग चाललेत का, प्राध्यापक मैदानावर आहेत का, अडथळे, गोळे, मॅट, मल्लखांब वापरातले आहेत की कुलुपात, हे पंधरा मिनिटांत कळतं. हजेरीची फार 'सोय' आहे असं कुणी कानात सांगितलं तर ते कॉलेज सोडा. या अभ्यासक्रमात गैरहजर राहून मिळवण्यासारखं काही नाही.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे मल्लखांब आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. कांदिवलीची शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था १९३८ची. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, स्थापना १९५७, आता अभिमत विद्यापीठ. चेन्नईचं वाय.एम.सी.ए. कॉलेज तर १९२० पासून आहे. पण नावावर जाऊ नका. जिल्ह्याच्या गावातलं, शिस्तीने चालणारं कॉलेज तुम्हाला तितकंच घडवू शकतं.

दोन वर्षांत काय चालतं

सकाळ मैदानाची, दुपार वर्गाची. शरीररचना आणि शरीरक्रिया, योग, अध्यापनाच्या पद्धती, क्रीडा प्रशिक्षण, क्रीडा मानसशास्त्र, मापन व मूल्यमापन, जैवयांत्रिकी, संघटन, संशोधन आणि संख्याशास्त्र हे विषय चार सत्रांत विभागलेले असतात. प्रात्यक्षिकात धावणं-उड्या-फेकी, जिम्नॅस्टिक्स, सांघिक खेळ, कबड्डी, खो-खो, लेझीम, मल्लखांब, संचलन. शिवाय शिबिर आणि शाळेतले सराव पाठ.

थिअरीला घाबरणारी मुलं खूप. त्यांना एवढंच सांगेन की शरीररचना पाठ करण्याआधी स्वतःच्या अंगावर शोधा. मांडीचा पुढचा स्नायू ताणला की कुठे ओढ बसते, मागचा ताणला की कुठे, हे हाताला कळलं की नाव आपोआप बसतं. मापन विषय मात्र गांभीर्याने घ्या. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी बी.एम.आय. (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे कर्ल-अप आणि पुश-अप असतात. शाळेत गेल्यावर हे तुमच्याच गळ्यात पडणार, आणि आकडे अंदाजाने भरायचा मोह तिथेच होणार.

पाठ टाचण: सगळा जीव इथे ओता

सराव पाठाचं टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, सुवाच्य अक्षरात, रंगीत पेनने लिहून निरीक्षकाची सही घेणं हा विधी झाला. खरं टाचण म्हणजे आकडेमोड. खो-खोतला 'खो देणे' हा घटक घ्या. साठ मुलं, पस्तीस मिनिटं. हजेरी आणि पाहणी तीन मिनिटं, अंग गरम करणं सहा, प्रात्यक्षिक चार, सराव पंधरा, छोटा खेळ पाच, शिथिलीकरण दोन.

आता सरावाची ती पंधरा मिनिटं, म्हणजे ९०० सेकंद. सगळी मुलं एका रांगेत उभी केली आणि प्रत्येकाला दहा सेकंद लागले, तर नव्वद संधी होतात, मुलामागे दीड. त्याच मुलांचे दहा-दहांचे सहा गट केले तर प्रत्येकाला नऊ संधी. शिक्षक तोच, मैदान तेच, साहित्य शून्य. चांगला पाठ आणि वाईट पाठ यांतला फरक बहुतेक वेळा या एका भागाकारात असतो. टाचणाच्या समासात 'प्रत्येकाला किती संधी' हा आकडा लिहायची सवय लावून घ्या. निरीक्षक विचारो न विचारो.

मग प्रात्यक्षिक. मुलांना सूर्याकडे पाठ करून बसवा, तुम्ही उन्हाकडे तोंड करा. एका वेळी एकच गोष्ट सांगा: बसलेल्याच्या मागून जाऊन हाताने पाठीला स्पर्श करायचा आणि त्याच वेळी मोठ्याने 'खो' म्हणायचं. आधी शब्द मग स्पर्श, किंवा नुसताच शब्द, हा फाउल. हे जमल्यावरच पुढचं सांगायचं: उठलेल्याने दिशा घेतली की टोकाचा खुंट (खांब) येईपर्यंत मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांची मधली पाटी ओलांडता येत नाही. तिन्ही नियम एकदम सांगितलेत तर एकही राहणार नाही.

गट बदलताना गोंधळ होतो, कारण सूचना मुलं हलत असताना दिली जाते. शिट्टी, सगळे जागेवर खाली बसले, मग सूचना, मग 'चला'. हा क्रम पहिल्या आठवड्यात पक्का केला की वर्षभर घसा वाचतो. शिट्टी कमी वाजवा. दर मिनिटाला वाजणारी शिट्टी कुणी ऐकत नाही.

आणि उरलेली मुलं? 'सर, बरं नाहीये' म्हणणाऱ्याला झाडाखाली बसवू नका. गुणलेखक करा, वेळाधिकारी करा, पंच करा. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. धावणं ही शिक्षा आहे असं ज्याने सातवीत शिकवलं, त्यानेच नववीत मुलं धावत नाहीत म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावं?

फक्की, दोरी आणि २०० मीटरचा ट्रॅक

मैदान आखता न येणारा क्रीडाशिक्षक शाळेत लगेच उघडा पडतो. पुस्तकात ४०० मीटरचा ट्रॅक असतो: सरळ बाजू ८४.३९ मीटर, त्रिज्या ३६.५० मीटर, लेन १.२२ मीटर. शाळेकडे एवढी जागा नसते. तिथे २०० मीटरचा आखावा लागतो.

सरळ बाजू ४० मीटर धरली तर दोन्ही मिळून ८० झाले. उरलेले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत बसवायचे. १२० भागिले ६.२८३२ (π ची दुप्पट), म्हणजे धावण्याच्या मार्गाची त्रिज्या १९.१० मीटर. उठावाची कड असेल तर पहिल्या लेनचं माप कडेपासून ३० सेंटीमीटरवर धरतात; शाळेत फक्कीची नुसती रेघ असते, तेव्हा २० सेंटीमीटरवर. म्हणून दोरी धरायची १८.९० मीटरची. चाळीस मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका, ३-४-५च्या नियमाने (बाजू ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण) काटकोन काढा, मग वळणं आखा. चार लेनला साधारण ८८ बाय ४८ मीटर जागा लागेल. टेप कापडी असेल तर ताणला जातो. त्रिज्येत एक सेंटीमीटर चुकला तर फेरीत सहा सेंटीमीटरहून जास्त फरक पडतो.

आता आघाडी, म्हणजे बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला सुरुवातीला जितकं पुढे उभं करायचं ते अंतर. पूर्ण एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनची आघाडी पुस्तकात ७.०४ मीटर दिलेली असते आणि सगळे तीच उतरवतात. पण ती कड असलेल्या ट्रॅकची आहे, जिथे पहिली लेन ३० वर आणि बाकीच्या २० सेंटीमीटरवर मोजतात. फक्कीच्या ट्रॅकवर सगळ्याच लेन २० वर, त्यामुळे आघाडी २ गुणिले π गुणिले १.२२, म्हणजे ७.६७ मीटर, तिसऱ्या लेनला १५.३३. तोंडी परीक्षेत हे कारणासह सांगता आलं तर परीक्षक मान वर करून पाहतो.

दुखापत, ऊन आणि स्पर्श

मुरगळलेला पाय तेल लावून चोळू नका, कुणाला चोळूही देऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दाबपट्टी, पाय उंच. डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखं वागलं, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. उन्हाने कोसळलेल्याला आधी सावलीत घेऊन पाण्याने थंड करा आणि त्याच वेळी गाडी बोलवा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, दर तीस दाबांनंतर दोन श्वास. हे पुतळ्यावर हाताने केल्याशिवाय येत नाही. कॉलेजात पुतळा नसेल तर रेड क्रॉस किंवा रुग्णालयाचा वर्ग गाठा.

जिम्नॅस्टिक्स, मल्लखांबात आधार द्यावा लागतो, म्हणजे अंगाला हात लागतो. कुठे हात ठेवणार हे आधी सांगा, सगळ्यांसमोर करा, मुलींच्या वर्गात शक्यतो शिक्षिका किंवा वरच्या वर्गातल्या प्रशिक्षित मुली आधाराला ठेवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. 'शाळेची बदनामी' हे कारण तिथे चालत नाही.

कोच होणाऱ्यांसाठी

पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली. तिथला एका खेळातला एक वर्षाचा डिप्लोमा, ज्याला सगळे 'एन.आय.एस.' म्हणतात, हा अजूनही सरकारी प्रशिक्षकपदांचा ओळखीचा दरवाजा आहे. अनेक संघटनांचे स्वतःचे टप्पेही असतात: फुटबॉलला डी, सी, बी, ए परवाने, क्रिकेटला लेव्हल एक ते तीन, ॲथलेटिक्स आणि बॅडमिंटनलाही पातळ्या. बी.पी.एड.च्या पहिल्या वर्षातच एक खेळ धरा आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत त्याची पहिली पातळी उरका.

मोठा खेळाडू नसाल तर खचू नका. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते आणि पी. टी. उषाचे ओ. एम. नंबियारही. नंबियार वायुसेनेतले, पतियाळाचा डिप्लोमा घेऊन केरळातल्या शाळकरी मुलींना धावायला शिकवू लागले. त्यांची शिष्या १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी आली.

नियोजन शिकताना पुस्तकातलं वार्षिक चक्र जसंच्या तसं उतरवू नका. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडते, मैदानावर चिखल असतो, आणि १४, १७, १९ वर्षांखालच्या तालुका-जिल्हा स्पर्धा पावसाळा सरतासरताच सुरू होतात. म्हणजे पाया घालायला जून-जुलै मोकळे मिळतच नाहीत. तो एप्रिल-मेच्या सुट्टीत, पहाटेच्या सत्रांत घालावा लागतो. पावसाळ्यात हॉल, व्हरांडा, जिना यांवर ताकद आणि तंत्र. ज्या कोचचं उन्हाळी शिबिर नुसतं फी गोळा करण्यासाठी असतं, त्याचा संघ जिल्ह्यापुढे जात नाही.

नोकरीचं खरं चित्र

अनुदानित शाळेत भरती टी.ए.आय.टी. (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र पोर्टल (राज्याचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) यांतून होते. क्रीडाशिक्षकाची पदं मोजकी निघतात, तेव्हा एकाच जाहिरातीवर डोळे लावून बसू नका. पदवीला शाळेत चालणारा एखादा विषय असेल तर बी.एड.चाही विचार करा. केंद्रीय आणि नवोदय विद्यालयं बी.पी.एड.धारकांना घेतात. सी.बी.एस.ई.त अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण हा निवडीचा विषय असल्यामुळे वर्गात शिकवता येणाऱ्यालाही मागणी असते. दुपारची ती थिअरी तिथे उपयोगी पडते. मुलाखतीला टाचणवही, स्वतः आखलेल्या मैदानाचे फोटो आणि एखाद्या वर्गाच्या चाचणीचे आधी-नंतरचे आकडे घेऊन जा.

शाळेत रुजू झालात की दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचे, म्हणजे खेळल्याबद्दल मिळणाऱ्या जादा गुणांचे, प्रस्ताव हे काम अंगावर येणार. मुलाचा सहभाग, पातळी, मुदत, सगळं नोंदवहीत जागच्या जागी ठेवा. एका विसरलेल्या प्रस्तावामुळे मुलाचे हक्काचे गुण जातात आणि पालक थेट तुमच्याकडे येतात.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं असेल तर एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीला) ५५ टक्के, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि खेळण्याची नोंद लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत पळण्याची चाचणी आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर; चाळिशीपर्यंत अनुक्रमे १५०० आणि ८००. नेटचा अभ्यास करताना खुर्चीत दोन वर्षं गेलेल्यांना एवढंही जड जातं, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस पळणं सोडू नका.